मातीत न गेलेली नळी

अक्का, न्हाणीघराच्या दाराआड खिळ्याला तुझी लाल पिशवी अजून लटकतेय. तिच्यात टाकायला आता घरात काही उरलेलं नाही. पाहुणे गेले, तू गेल्यानंतरची गणाराधना, तिचं जेवण झालं, भाड्याची भांडी परत गेली. सुजाता दोनदा म्हणाली, तेवढी पिशवी काढा आता, वन्संची आठवण येते. मी हो म्हणतो आणि दुकानाला जातो. दमलोय गं. रडून दमलो असं सांगायला बरं वाटलं असतं, पण तसंही नाही. नुसता दमलोय. सोलापुरात, आपल्या शुक्रवार पेठेत जो भेटतो तो विचारतो, अक्कांना काय झालं होतं. मी सांगतो, किडन्या गेल्या होत्या. मग तो म्हणतो, अरेरे, स्वतः नर्स असून? आजार नर्सच्या घरी विचारून येतो, अशी लोकांची समजूत दिसते.

तू पोटात नळी बसवून घेतलीस तेव्हा आम्ही सगळे मशीनच्या बाजूचे होतो. ठरलेल्या दिवशी दवाखान्यात जायचं, मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं, घरी यायचं. तू म्हणालीस, "मशीनला बांधून घ्यायला मी काय म्हस हाय व्हय? घरातच पाणी भरीन, घरातच काढीन." आणि तसंच केलंस. वरच्या हुकाला औषधी पाण्याची पिशवी, तिथून नळीने ते पाणी तुझ्या पोटात, आणि काही तासांनी तेच पाणी पोटातली घाण घेऊन जमिनीवरच्या रिकाम्या पिशवीत. सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि निजायच्या आधी. ज्या खोलीत बाबा हिशेब करत बसायचे तिथे तू स्टँड उभा केलास आणि आमच्यातल्या प्रत्येकाला दारात चपला काढून, साबणाने कोपरापर्यंत हात धुवायला लावलेस. माझ्या पोरांची लग्नं झाली, पण हात धुवायला ती तुझ्याकडे शिकली.

खालची पिशवी भरली की तू मला तिच्यामागे पेपर धरायला लावायचीस. पाण्यातून मथळा वाचता आला तर पोट ठीक. गढूळ दिसलं तर आत संसर्ग. मी वाचायचो, तू डोळे मिटून ऐकायचीस. उद्या शहराला पाणी येणार नाही, ही बातमी मी तुझ्या पोटातल्या पाण्यातून किती वेळा वाचली असेल. "शहराला नसंना, मला आलंय की," असं तू म्हणायचीस. मग काळ्या मार्करने पिशवीवर लिहायचीस, सकाळ किंवा दुपार, जी वेळ असेल ती. पाणी संडासात ओतायचं आणि रिकामी पिशवी न्हाणीघरातल्या पोत्यात. जन्मभर प्लॅस्टिक विकून मला ठाऊक नव्हतं, की एका माणसाच्या आजाराचं एवढं प्लॅस्टिक होतं. नळ्या, टोपणं, पिशव्या, हातमोजे, पट्ट्या. आठवड्यात पोतं भरायचं.

हे पोतं कुठं टाकायचं, यावरून आपलं पहिलं भांडण झालं. मी म्हटलं, घंटागाडी येते की रोज. तू माझ्याकडे असं बघितलंस, जणू मी तुझ्या वॉर्डातला नवा पोरगा आहे आणि भलत्याच पिशवीत सुई टाकलीय. "दवाखान्यातल्या कचऱ्याला वेगळी गाडी हाय. त्योच कचरा घरात झाला की कुणाचा?" मी म्हटलं, महापालिकेचा. तू म्हणालीस, "घंटागाडीवरल्या बाईचा. ती हातानं निवडती. तिच्या हातात मोजे बगितलास का कदी?" बघितले नव्हते. तुझ्याशी भांडताना माझं नेहमी असं व्हायचं, की मुद्दा माझा असायचा आणि बघितलेलं सगळं तुझं.

शेवटी संगीता सिस्टर मदतीला आली. तुझ्या हाताखाली शिकली, आता तुझ्याच जागेवर इन्चार्ज आहे. तिने दवाखान्याच्या मालकांना विचारून परवानगी काढली, की अक्कांचं पोतं आपल्या नळ्या-प्लॅस्टिकच्या लाल पिशव्यांबरोबर जाऊ दे. म्हणून दर रविवारी मी स्कूटरवर पायांमध्ये पोतं धरून दवाखान्याच्या मागच्या दाराला जायचो. पण त्याआधी बसून सगळ्या नळ्या कापायच्या, पिशव्यांना चीर द्यायची. ही तुझी अट. न कापलेली वस्तू कुणीतरी धुऊन परत वापरतो, असं तू म्हणायचीस. सुरुवातीला तू स्वतः कापायचीस. पुढे हात थरथरायला लागले तशी कात्री माझ्याकडे आली. रविवारी सकाळी लोक मटण आणायला जातात. मी न्हाणीघरात पाटावर बसून नळ्या कापायचो आणि तू दारातून लक्ष ठेवायचीस.

तुझी ही कडक शिस्त कुठून आली ते मला ठाऊक होतं, म्हणून मी फार बोलायचो नाही. तुझ्या वॉर्डातल्या मावशीला कुणीतरी भलत्याच पिशवीत टाकलेली सुई टोचली होती. किती महिने ती तपासण्यांची वाट बघत होती. निकाल चांगला आला, पण तोवर तिने भीतीने नोकरी सोडली होती, आणि पुढे भाजी विकताना तुला दिसली तर ती तोंड फिरवायची. ते तुला लागलं. सुई तू टाकली नव्हतीस, पण वॉर्ड तुझा होता.

माझ्या दुकानालाही तू सोडलं नाहीस. स्वस्तातल्या लाल बादल्या मी दाराशी रचून ठेवतो, त्या बघून तू विचारायचीस, हे कशाचं केलंय. मी सांगायचो, भंगार वितळवून. कुठलं भंगार? ते मला काय माहीत, अक्का, मी बादली विकतो, तिची कुंडली नाही. उष्णतेने सगळं मरतं, असंही सांगायचो. "वितळायच्या आदी कुणीतरी त्ये निवडतंय की तम्मा," तू म्हणायचीस. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, कानडीतून ओरडलं की जास्त लागतं असं तुला वाटायचं. माझ्या दुकानातल्या मगने तू कधी अंघोळ केली नाहीस. स्टीलचा तांब्या घेऊन बसायचीस आणि तो मुद्दाम मोठ्याने आपटायचीस. हा वाद आपण कधी मिटवला नाही. मिटवायची घाईही नव्हती कुणाला.

एका बाबतीत मात्र तू स्वतःशीच भांडत होतीस. बाळंतपणाच्या वॉर्डात होतीस तेव्हा टेंभुर्णीकडची एक म्हातारी सुनेला घेऊन आली होती. येताना घरून झाकणाचं मडकं आणलं होतं. नातू झाला, तशी तिने तुझ्याकडे बाळाची वार मागितली. रानात पुरायची होती, त्यांच्यात तशीच रीत होती. तू सांगितलंस की वार जाळायच्या पिवळ्या पिशवीत जाते, घरी देता येत नाही. म्हातारीने वाद घातला नाही. सुनेला घरी सोडेपर्यंत ती रिकामं मडकं मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसून होती. ही गोष्ट तू मला बऱ्याचदा सांगितलीस आणि दर वेळी शेवट वेगळा केलास. कधी म्हणायचीस, नियम तो नियम, उद्या कुणी उघड्यावर टाकली असती तर. आणि कधी म्हणायचीस, "दिली असती तर काय झालं असतं रे." उत्तर देऊ लागलो की हाताने थांबवायचीस. साकु, म्हणायचीस, म्हणजे कानडीत पुरे.

होटगीला आपलं रान बघणाऱ्या काकांनी पुढे नेमका वारेचाच विषय काढला. आठवतं ना? बांधावर त्यांनी लिंबाची रोपं लावली होती आणि बाबांच्या समाधीजवळ एक बेल. शेजारच्या रानात सलाईनच्या बाटल्या काठ्यांना टांगून रोपांना थेंब थेंब पाणी देतात, ते त्यांनी बघितलेलं. तुझ्या पिशव्या बघून त्यांचे डोळे चमकले. एवढ्या चांगल्या पिशव्या, नळीसकट, फुकट चालल्यात. तू म्हणालीस, काका, ते माझ्या पोटातलं पाणी आहे, ते रानात न्यायचं नसतं. काका ऐंशीला टेकलेले, तरी सरळ उत्तर दिलं त्यांनी. "मग? तुजी वार म्याच पुरली की त्या हिरीजवळ. तवा कुणी पिवळी पिशवी मागितली न्हाय."

तू इतकी हसलीस की स्टँड हलायला लागला. पण पिशवी दिली नाहीस. काका रुसून जेवले आणि संध्याकाळच्या गाडीने गेले. त्यानंतर एका रविवारी मी कापायला बसलो तर पोतं जागेवर नव्हतं. मला वाटलं सुजाताने संगीताकडे पोचवलं. सुजाताला वाटलं मी पोचवलं. दोघांनाही एकमेकांचं बरं वाटलं आणि कुणी विचारलं नाही. काका त्या आठवड्यात तुला बघून गेले होते, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

मग ती सकाळ आली, अक्का. मी पिशवीमागे पेपर धरला आणि काही दिसेना. ताक व्हावं तसं पाणी. तू डोळे मिटून पडली होतीस. विचारलंस, काय बातमी आहे. मी मनानेच काहीतरी सांगितलं, रस्त्याच्या कामाचं. तू म्हणालीस, "सोलापुरात रस्त्याचं काम सुरू झालं म्हंजे खोटंच वाचतोयस." त्यानंतर दवाखाना झाला, औषधं झाली, आणि तू घरी परत आणायला लावलंस. डॉक्टरांशी तू त्यांच्या भाषेत बोललीस, मला फक्त शेवटचं साकु कळलं.

घरी आल्यावर तू ते बोललीस. नळीबद्दल. आपल्यात जाळत नाहीत, रानात बाबांशेजारी बसवून पुरणार, हे ठरलेलंच होतं. "मला मातीत घाला. नळी नगं. ती काढायची, कापायची आन् लाल पिशवीत टाकायची." मी म्हटलं, बघू. "बघू नगं. व्हय म्हण. माती मला खाईल, तिला न्हाय खाणार. म्या कुटंच नसंन आन् ती तशीच बसंल तितं." मी म्हटलं, चहा निवतोय. अगं, मी काय म्हणणार होतो? हो म्हटलं असतं तर तू जाणार हे मान्य केल्यासारखं झालं असतं. तू चहा घेतला नाहीस. तोंड भिंतीकडे केलंस. आपलं शेवटचं भांडण ते, आणि ते तसंच राहिलं.

तू गेलीस तेव्हा उजाडलं होतं. संगीता तुमच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांना घेऊन आली. त्यांनी बघितलं, कागद केला. काका तोवर होटगीहून पोचले होते आणि तुझ्या पायाशी बसले होते. मी डॉक्टरांना हळूच नळीचं सांगितलं. ते म्हणाले, काढता येईल, पण ती आत रुजलेली असते, थोडं कापावं लागेल, एक टाका घालावा लागेल, घरच्यांची मर्जी असेल तर. काकांनी ऐकलं. म्हणाले, "बास की आता. किती टोचलं पोरीला. मेल्यावर तरी लोखंड लावू नगा." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. पण काका चुकीचं काही बोलत नव्हते, आणि तूही नव्हतीस, आणि मी मध्ये उभा होतो.

विधीला आलेले अय्या, आपले जंगम, विभूती कालवत होते. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांनी तुझ्या गळ्यातलं लिंग नीट केलं आणि म्हणाले, "हे संगट जातंय. बाकीचं तुमी बगा." म्हणजे त्यांनीही माझ्यावरच सोडलं. सुजाता माझ्याकडे बघत होती, काका जमिनीकडे. मग मी हो म्हणालो. तुला म्हणायचं राहिलेलं हो मी त्या डॉक्टरला म्हणालो.

फार वेळ लागला नाही. संगीताने चादर धरली होती आणि ती धरून रडत होती. नळी मला वाटलं त्यापेक्षा लांब निघाली, पांढरी आणि मऊ. एवढे दिवस तीच तुला जगवत होती आणि मी तिचं तोंडच तेवढं बघितलं होतं. डॉक्टरांनी टाका घातला, पट्टी लावली. मग संगीताने हातमोजे आणि ती कात्री माझ्यापुढे केली. म्हणाली, दादा, अक्कांनी सांगून ठेवलंय, कापायचं काम तुमचं. माझ्या न दिलेल्या शब्दावर तू विसंबून राहिलीच नव्हतीस. परस्पर बंदोबस्त करून ठेवला होतास. मला तिथेही हसू आलं. मी पाटावर बसलो आणि रविवारसारखी नळी कापली, आणि लाल पिशवीत टाकली.

रानात काका माझ्यापासून लांब उभे राहिले. तुला बसवलं, हातात लिंग दिलं, बेल वाहिला, माती लोटली. सगळं झाल्यावर मी मान वर केली तर बांधावर ओळीने काठ्या, आणि प्रत्येक काठीला तुझी पिशवी उलटी टांगलेली. नळीला गाठ, गाठीतून थेंब थेंब पाणी लिंबाच्या मुळाशी. तुझी नळी मातीत जाऊ नये म्हणून घरात आम्ही एवढं केलं, आणि इथे तुझं पोतंभर प्लॅस्टिक आधीच रानात येऊन राहिलं होतं. माझं डोकं फिरलं. तुझ्या मातीवर उभं राहून भांडायची पाळी आली होती.

काका बांधावर बसले होते. मी काही बोलायच्या आधी तेच म्हणाले, "तिनं न्हाई म्हटलं व्हतं, ठावं हाय. धा डाव धुतलं हिरीवर. तिला येता येत न्हवतं हितं, तिचं कायतरी असावं म्हणून आणलं." थोड्या वेळाने म्हणाले, "आन् माज्यानं आता कळशी उचलत न्हाई."  मी त्यांच्या शेजारी बसलो. आम्ही दोघं थेंब पडताना बघत बसलो, पाहुणे गाडीत बसून हाका मारेपर्यंत.

पुढच्या रविवारी मी पोतं आणि कात्री घेऊन होटगीला गेलो. दुकानातल्या दोन लाल बादल्याही नेल्या, तुला आवडत नाहीत त्याच. काकाच उठले आणि एकेक पिशवी सोडून माझ्या हातात देऊ लागले. मी कापत गेलो. मग विहिरीचं पाणी बादल्यांनी आणून रोपांना घातलं. माझी पाठ दोन दिवस धरली होती. उन्हाळा आहे, रोपं लहान आहेत, म्हणजे आता दर रविवारी हेच. नळ्या कापायच्या सुटल्या तर पाणी वाहायचं मागे लागलं. तू मला काही मोकळं सोडत नाहीस.

पोतं आणि नळीची पिशवी संगीताने दवाखान्यातल्या लाल पिशव्यांत घातली, वर चिठ्ठी लावली. मला घरी जा म्हणाली. मी मागच्या दाराशी उभा राहिलो. गाडी आली. जाड मोजे घातलेल्या माणसाने पिशव्या उचलल्या, आत ठेवल्या, दार लावलं, गाडी गेली. कुणाला काही टोचलं नाही, कुठे काही सांडलं नाही, रस्त्यावरच्या कुणाला कळलंही नाही. काहीच घडलं नाही. काहीच घडू नये म्हणून तू जन्मभर भांडत होतीस, हे मला तिथे उभं राहून कळलं. तुझ्या हयातीत एकदा तसं म्हटलं असतं तर तू फुशारली असतीस, आणि मग ते वर्षभर ऐकवलं असतंस.

आता खरं सांगतो. एक पिशवी मी काढली नाही. तुझ्या उशाशी तो बेल आहे ना, त्याच्या काठीची. काका ती सोडायला वाकले आणि त्यांचे हात थांबले. मी जवळ जाऊन बघितलं. उन्हाने फिकट झालंय, पण तुझं अक्षर अजून वाचता येतं. सकाळ, असं लिहिलंय. काका मला म्हणाले, "हिला असू दे की." मी कात्री खिशात घातली.

ते चुकीचं आहे, मला माहीत आहे. तू सांगितलेलं सगळं मला पाठ आहे. तिच्यासाठीच लाल पिशवी खिळ्यावर ठेवलीय, सुजाताला अजून सांगितलं नाही. अक्षर पुसलं की काढीन, आज हात होत नाही. तुला पटणार नाही. रविवारी पाणी घालायला येतोय अक्का, तेव्हा भांड माझ्याशी.